ग्रिप्सहोल्म : तळ्यातला किल्ला आणि तळघरातला दगड

मुलांनो, इंग्रजीतल्या ‘कॅसल’ला मराठीत काय म्हणायचे? वर्गात हा प्रश्न निघाला की किल्ला, गड, कोट, गढी, वाडा, राजवाडा अशी निरनिराळी उत्तरे येतात. सगळीच थोडी बरोबर आणि थोडी अपुरी. डोंगरावर असतो तो गड. सपाटीवर तट बांधून केलेला तो भुईकोट. पाण्यात उभा असलेला तो जलदुर्ग. पाटील-देशमुखांची असते ती गढी, आणि राजा ऐषआरामात राहतो तो राजवाडा. स्वीडिश भाषेतला ‘स्लॉट’ हा शब्द मात्र तटबुरुजांच्या किल्ल्यालाही चालतो आणि बागबगीच्याच्या राजवाड्यालाही.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही असाच एक स्लॉट पाहून आलो. त्याचे नाव ग्रिप्सहोल्म. स्टॉकहोमच्या पश्चिमेला, मेलारेन नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठी, मारिएफ्रेड नावाचे टुमदार गाव आहे. त्या गावाला लागून पाण्यात एक लहानसे बेट आहे आणि त्या बेटावर लाल विटांचा, चार गोल बुरुजांचा हा किल्ला उभा आहे. ‘होल्म’ म्हणजे लहान बेट. बो योनसन ग्रिप या बड्या सरदाराने इ. स. १३८० च्या सुमारास इथे पहिला कोट बांधला, म्हणून हे ‘ग्रिपचे बेट’. आपल्या मुरूडजवळच्या ‘जंजिरा’ या नावाचा अर्थही बेटच, कारण तो शब्द अरबी ‘जझीरा’वरून आला आहे.

वर्गातील मुलांपैकी पुष्कळांनी विंडसर, वॉरिक, लंडनचा टॉवर पाहिलेला आहे. मग आणखी एका किल्ल्याबद्दल कशाला वाचायचे, असे वाटेल. पण ग्रिप्सहोल्मला आम्हाला असे काही सापडले की ज्याचा संबंध थेट आपल्या शनिवारच्या वर्गाशी आहे. तो कसा, ते शेवटी सांगू. आधी किल्ल्यापर्यंत पोहोचू या.

तळे की समुद्र?

स्टॉकहोमहून मारिएफ्रेडला आम्ही बोटीने गेलो. ‘मारिएफ्रेड’ याच नावाची ही बोट १९०३ साली बांधलेली असून तिचे वाफेचे इंजिन कोळशावर चालते. प्रवासाला साडेतीन तास लागतात. ज्यांना घाई आहे त्यांनी आगगाडीने लेग्गेस्ता स्टेशनपर्यंत जावे. तिथून मारिएफ्रेडपर्यंत उन्हाळ्यात एक छोटी वाफेची गाडी धावते. तिच्या दोन रुळांमधले अंतर फक्त ६०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीएवढेच (ते ६१० मिलिमीटर आहे). ही गाडी पगारी नोकर नव्हे, तर हौशी स्वयंसेवक चालवतात. आम्ही येताना तिनेच आलो.

बोटीतून जाताना दोन्ही बाजूंना लहानमोठी बेटे, त्यांवर पाइन, बर्च आणि ओक, पाण्यात उतरलेले गुळगुळीत राखाडी खडक असे दृश्य सतत बदलत राहते. मेलारेन हे स्वीडनमधले तिसऱ्या क्रमांकाचे मोठे तळे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११०० चौरस कि. मी. आहे. पाणी गोडे असून स्टॉकहोम शहर तेच पिते. पण हजार वर्षांपूर्वी हे तळे नव्हतेच! तेव्हा तो बाल्टिक समुद्राचा आत शिरलेला फाटा होता.

समुद्राचे तळे कसे झाले? पाणी उतरले नाही, जमीन वर आली. हिमयुगात या सगळ्या प्रदेशावर बर्फाचा थर होता, आणि काही ठिकाणी त्याची जाडी सुमारे तीन कि. मी. होती. त्या वजनाने जमीन खाली दबली. गादीवर जड ट्रंक ठेवली की गादी दबते. ट्रंक उचलली की गादी हळूहळू पुन्हा वर येते. इथे ‘ट्रंक’ उचलून दहा हजार वर्षे होत आली तरी ‘गादी’ अजून वर येतेच आहे, कारण जमिनीखालचा खडक फार सावकाश सरकतो.

थोडे गणित करू. स्टॉकहोमच्या आसपास जमीन वर येण्याचा वेग वर्षाला साधारण अर्धा सेंटिमीटर आहे. शंभर वर्षांत ५० सेंटिमीटर, म्हणजे हजार वर्षांत पाच मीटर! पाच मीटर म्हणजे दुमजली घराच्या छपराजवळ पोहोचण्याइतकी उंची. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास समुद्राकडे जाणारा चिंचोळा मार्ग इतका उथळ झाला की खारे पाणी आत येणे थांबले आणि मेलारेनचे तळे झाले. आज त्याची पातळी समुद्रापेक्षा साधारण ७० सेंटिमीटर वर आहे, त्यामुळे बोटींना समुद्रात जाण्यासाठी दरवाज्यांच्या हौदातून, म्हणजे ‘लॉक’मधून, उतरावे लागते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मठाच्या विटांचा किल्ला

मारिएफ्रेड या गावाच्या नावाचा अर्थ ‘मेरीची शांती’. १४९३ मध्ये इथे ख्रिस्ती साधूंचा एक मठ स्थापन झाला, त्याचे हे नाव. पण शांती फार काळ टिकली नाही. १५२३ साली गुस्ताव वासा स्वीडनचा राजा झाला. डेन्मार्कच्या सत्तेतून देशाला बाहेर काढणारा राजा म्हणून स्वीडिश लोक त्याला मानतात आणि त्याच्या निवडीचा दिवस, ६ जून, हा त्यांचा राष्ट्रीय दिन आहे. या राजाला पैसाही हवा होता आणि किल्लेही. त्याने मठांची मालमत्ता ताब्यात घेतली. इकडे इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीनेही त्याच सुमारास तेच केले, हे तुम्ही शाळेत शिकला असालच. १५३७ मध्ये गुस्तावने ग्रिपच्या बेटावर नवा किल्ला बांधायला घेतला आणि मठाच्या विटा काढून त्यात वापरल्या.

भिंती जाड, बुरुज गोल. तोफांच्या काळात चौकोनी बुरुजाचा कोपरा गोळ्याने लवकर ढासळतो, गोल बुरुजावरून गोळा घसरून जाण्याची शक्यता जास्त असते. बाहेरच्या चौकात रशियाशी झालेल्या युद्धांत मिळालेल्या दोन पितळी तोफा ठेवल्या आहेत. त्यांची नावे ‘रानडुक्कर’ आणि ‘डुकरीण’ अशी आहेत. आपल्याकडे तोफांना कलालबांगडी, मुलूखमैदान अशी नावे देत, तशीच ही गंमत.

भावाने भावाला कोंडले

गुस्ताव १५६० मध्ये वारला. त्याच्या तीन मुलांची कथा या किल्ल्यात घडली. ती क्रमाने सांगतो, म्हणजे गोंधळ होणार नाही.

(१) थोरला एरिक राजा झाला. हा विद्वान होता, पण अतिशय संशयी. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला मागणी घालणाऱ्यांपैकी हाही एक! तिने नकार दिला.

(२) मधला भाऊ योहान आपल्याविरुद्ध कट करतो आहे, असे एरिकला वाटले. त्याने १५६३ मध्ये योहानला ग्रिप्सहोल्ममध्ये कैद केले. योहानची बायको कातारिना ही पोलंडची राजकन्या. तिला मोकळे राहण्याची मुभा होती. तेव्हा तिने आपल्या अंगठीवर कोरलेली अक्षरे दाखवली, मरणावाचून आम्हाला कोणी वेगळे करणार नाही अशा अर्थाची, आणि ती नवऱ्याबरोबर कैदेत गेली, अशी आख्यायिका आहे. १५६६ मध्ये या किल्ल्यातच त्यांना मुलगा झाला. कैदेत जन्मलेला हा सिगिस्मुंड पुढे पोलंड आणि स्वीडन या दोन्ही देशांचा राजा झाला.

(३) १५६७ मध्ये योहान सुटला आणि पुढच्याच वर्षी त्याने एरिकला पदच्युत करून गादी घेतली. आता कैदेत जाण्याची पाळी एरिकची. निरनिराळ्या किल्ल्यांत त्याला फिरवले, त्यात १५७१ ते १५७३ तो ग्रिप्सहोल्मला होता. १५७७ मध्ये तो कैदेतच मेला. मटाराच्या सूपमधून त्याला विष दिले अशी समजूत होती. १९५८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची कबर उघडून तपासणी केली, तेव्हा अवशेषांत आर्सेनिकचे, म्हणजे सोमलाचे, प्रमाण फार आढळले.

(४) धाकटा कार्ल. त्याची खोली किल्ल्यात जवळजवळ जशीच्या तशी राहिली आहे. लाकडी तक्तपोशी, रंगवलेल्या भिंती, भिंतीत बसवलेला पलंग. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीची माणसे कशी राहत ते पाहायचे तर याच खोलीत जास्त वेळ थांबावे. योहाननंतर त्याचा मुलगा सिगिस्मुंड राजा झाला, त्याला हटवून शेवटी हा कार्लही राजा झाला.

पुढेही किल्ल्याची कामे बदलत गेली. दुसऱ्या गुस्ताव आडोल्फ राजाची विधवा मारिया एलेओनोरा इथे राहत होती. ती १६४० मध्ये गुपचूप निसटून डेन्मार्कला गेली. १७१३ ते १७७३ अशी साठ वर्षे इथे चक्क सरकारी तुरुंग होता. त्यानंतर तिसऱ्या गुस्तावने याच किल्ल्याच्या एका गोल बुरुजात नाटकगृह बांधले. हा राजा नाटकवेडा होता, स्वतः नाटके लिही आणि काम करी. पुढे १७९२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात, मुखवटे घातलेल्या नाचाच्या वेळी, त्याच्यावर गोळी झाडण्यात आली आणि त्यात तो मरण पावला. बुरुजातले ते छोटेसे रंगमंदिर मात्र अजून आहे. आतल्या गोल भिंतीला धरून बसवलेल्या प्रेक्षकांच्या जागा पाहिल्या की अरुंद जागेचा इतका चांगला उपयोग करणाऱ्या वास्तुशिल्पज्ञाचे कौतुक वाटते. त्या राजाचा मुलगा चौथा गुस्ताव आडोल्फ. रशियाबरोबरच्या युद्धाच्या काळात, १८०९ मध्ये, सेनाधिकाऱ्यांनी त्याला पकडून ग्रिप्सहोल्मला आणले आणि इथेच २९ मार्च रोजी त्याने राज्यत्यागावर सही केली. त्याच वर्षी फिनलंड स्वीडनच्या हातातून गेले.

चित्रांतली माणसे आणि एक विचित्र सिंह

आज किल्ल्यात स्वीडनचा सरकारी व्यक्तिचित्रसंग्रह आहे. १८२२ साली तो सुरू झाला. अशा प्रकारच्या राष्ट्रीय संग्रहांत तो जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक गणला जातो. चार हजारांहून अधिक चित्रे त्यात आहेत. राजे, राण्या, सेनापती तर आहेतच, पण शास्त्रज्ञ, लेखक, कलावंतही आहेत आणि आजच्या काळातल्या व्यक्तींची भर पडत असते. खोल्यांमागून खोल्या, चारी बाजूंनी आपल्याकडे पाहणारे चेहरे!

लहान मुलांना मात्र सर्वांत आवडतो तो सिंह. १७३१ मध्ये अल्जीयर्सच्या शासकाने स्वीडनच्या राजाला काही जनावरे भेट पाठवली, त्यांत एक सिंह होता. तो मेल्यावर त्याचे कातडे आणि हाडे पेंढा भरण्यासाठी एका कारागिराकडे दिली. त्या कारागिराने जिवंत सिंह कधी पाहिलेला नसावा, असे म्हणतात. सिंह पाहिल्यावर ते पटते! डोळे समोर शेजारीशेजारी, दात माणसासारखे आणि जीभ बाहेर लोंबणारी. आमच्याकडच्या मंडळींनी जेवढा वेळ सगळ्या राजांना मिळून दिला, त्याहून अधिक या सिंहाला दिला.

राजाचे ओक, सर्वांचे रान

किल्ल्याला लागूनच ‘यूर्टहागेन’ हे राखीव रान आहे. नावाचा अर्थ ‘हरणांचे कुरण’. पायवाटेने तासाभरात फिरून होते. कुंपणाआड हरणे दिसतात, पण पाहण्यासारखे आहेत ते तिथले जुने ओक. दोघांनी हात धरूनही कवेत येणार नाहीत असे बुंधे, काही आतून पोकळ. त्या पोकळीत पक्षी, वटवाघळे आणि नाना प्रकारचे किडे राहतात, म्हणून वाळलेले खोडही तिथून उचलून नेत नाहीत.

इतके जुने ओक उरले कसे? १५५८ मध्ये गुस्ताव वासाने हुकूम काढला की ओक हे झाड राजाचे. शेतकऱ्याच्या जमिनीत उगवले तरी ते त्याला तोडता येणार नाही, कारण आरमाराला लाकूड लागते. स्टॉकहोमला संग्रहालयात ठेवलेले ‘वासा’ हे जहाज (ते १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडाले आणि १९६१ मध्ये वर काढले) बांधायला सुमारे हजार ओक लागले होते. शेतकऱ्यांना अर्थातच या झाडाचा राग येई. सावलीने पीक जाई आणि तोडले तर शिक्षा होई. शेतकऱ्यांवरचे हे बंधन १८३० मध्ये उठले. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे ते सांगितले आहे, पण आंबा-फणस यांसारखी रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली झाडे तिच्या मर्जीविरुद्ध तोडू नयेत, असेही बजावले आहे. लाकडाची गरज दोन्हीकडे सारखीच. रयतेकडे पाहण्याची नजर निराळी.

आता स्वीडनमध्ये रानाचा कायदा याच्या अगदी उलट वाटावा असा आहे. त्याला ‘आलेमान्सरेत्तेन’ म्हणतात, म्हणजे ‘सर्वांचा हक्क’. १९९४ पासून तो त्यांच्या राज्यघटनेतही नमूद आहे. आपण राहतो त्या इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवरून जायचे तर बहुधा ठरलेल्या पायवाटेनेच जावे लागते. काही डोंगराळ व मोकळ्या जागा तेवढ्या २००० सालच्या कायद्याने खुल्या झाल्या. स्वीडनमध्ये मात्र

(१) रान कोणाच्याही मालकीचे असो, त्यातून चालता येते;
(२) रानातली फळे आणि अळंबी गोळा करता येतात;
(३) तळ्यात पोहता येते, होडी नेता येते;
(४) एखादी रात्र तंबू ठोकून राहता येते.

पण घराच्या अंगणात शिरायचे नाही, उभ्या पिकातून जायचे नाही, जिवंत झाडाची फांदी तोडायची नाही, संरक्षित फुले खुडायची नाहीत. राखीव रानांचे नियम आणखी कडक असतात, ते फलकावर वाचावे. सगळ्याचे सार तिथल्या लहान मुलांनाही पाठ असते: त्रास देऊ नका, नासधूस करू नका. गावाबाहेरच्या पाइनच्या रानात आम्ही तासभर ब्लूबेरी खाल्ल्या. ही फळे दुकानातल्यांपेक्षा लहान आणि आतूनही जांभळी असतात. जांभळे खाल्ल्यावर होते तशी सर्वांची जीभ जांभळी झाली.

मारिएफ्रेडच्या दफनभूमीत ओकच्या एका झाडाखाली कुर्ट टुखोल्स्की या जर्मन लेखकाची समाधी आहे. १९३१ मध्ये त्याने ग्रिप्सहोल्मचेच नाव देऊन एक हलकीफुलकी प्रेमकथा लिहिली, ती जर्मनीत खूप गाजली. दोन वर्षांनी नाझी सत्तेवर आले. त्यांनी त्याची पुस्तके जाळली आणि त्याचे नागरिकत्व काढून घेतले. १९३५ मध्ये तो स्वीडनमध्येच वारला. पुस्तके मात्र आजही वाचली जातात.

पुलाजवळचा दगड

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पुलाजवळ, दोन कोरीव दगड उभे आहेत. घाईतले प्रवासी त्यांच्यासमोरून सरळ पुढे जातात. त्यातल्या एकावर सापाच्या अंगासारखा वळणारा पट्टा कोरला असून पट्ट्यात ‘रून’ लिपीतली अक्षरे आहेत. हा दगड अकराव्या शतकातला आहे, म्हणजे किल्ल्याहून पाचशे वर्षे जुना.

त्यावरचा मजकूर असा: तोला नावाच्या बाईने आपला मुलगा हाराल्ड याच्या स्मरणार्थ हा दगड उभारला. हाराल्ड हा इंग्वारचा भाऊ. पुढे थोडक्यात सांगितले आहे की ही माणसे सोन्याच्या शोधात फार दूर पूर्वेला गेली, तिथे शौर्याने लढली आणि दक्षिणेकडे ‘सेर्कलांड’मध्ये मरण पावली. सेर्कलांड म्हणजे मुसलमानी राज्यांचा प्रदेश, कास्पियन समुद्र आणि इराणकडचा. इंग्वार हा या मोहिमेचा नायक. तो १०४१ मध्ये मेला असे आइसलँडमधली जुनी कथा सांगते. त्याच्याबरोबर गेलेल्यांच्या नावाचे सुमारे २५ दगड स्वीडनच्या या भागात आहेत. परत आलेले फार थोडे असावेत.

बोटीतले गणित आता आठवा. तोलाच्या काळी पाणी पाच मीटर वर होते आणि मेलारेन समुद्राचाच भाग होता. या भागातून निघालेले जहाज वाटेत कुठलाही लॉक न लागता थेट बाल्टिकमध्ये जाऊ शके आणि तिथून रशियातल्या नद्यांत शिरू शके. ज्या पाण्यावरून आम्ही सहलीला आलो, त्याच पाण्यावरून ही मुले गेली आणि परत आली नाहीत.

मग या दगडाचे पुढे काय झाले? ख्रिस्ती धर्म रुजला तशी लॅटिन लिपी आली, रून मागे पडल्या. वाचणारे उरले नाहीत तेव्हा कोरीव दगड हा नुसता दगड झाला: चांगला, सपाट, बांधकामाला सोयीचा. तोलाचा दगड किल्ल्याच्या बुरुजाखालच्या तळघरात उंबऱ्याला बसवलेला होता. १८२० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तो तिथल्या देखभाल करणाऱ्या माणसाच्या नजरेला पडला. त्याला डांबर फासलेले होते आणि त्याचा एक तुकडा गेलेला होता. १९३० मध्ये तो बाहेर आणून रस्त्याच्या कडेला उभा केला. १८२२ मध्ये वरच्या मजल्यावर मोठमोठ्या लोकांची चित्रे जमवायला सुरुवात झाली, आणि त्याच सुमारास तळघरात, लोकांच्या पायाखाली, एका आईने लिहिवलेले मुलाचे नाव सापडले.

सापडल्यावर ते वाचता आले, कारण मधल्या काळात कोणीतरी ती लिपी पुन्हा शिकून घेतली होती. योहानेस बुरेउस (१५६८-१६५२) या माणसाने १५९० नंतर गावोगाव हिंडून रूनचे दगड उतरवून घेतले. १६११ मध्ये त्याने मुलांसाठी रून लिपीची अंकलिपीसारखी पुस्तिकाही काढली. शिवाय दालार्ना प्रांतातल्या एल्वडालेन भागात साधी शेतकरी माणसे अगदी १९०० च्या सुमारापर्यंत रून वापरत होती.

सोळा अक्षरांचे कोडे

त्या काळच्या रून लिपीत फक्त १६ अक्षरे होती, आणि भाषेत ध्वनी त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे क आणि ग यांना एकच खूण, त आणि द यांना एकच, ब आणि प यांनाही एकच. ओ साठी वेगळे अक्षर नाही, तिथे उ लिहीत. दगडावर तोलाचे नाव ‘तुला’ असे आहे, हाराल्डचे ‘हारालत’ आणि इंग्वारचे ‘इनक्वार’. वाचणाऱ्याला भाषा येत असेल तरच तो बरोबर वाचणार. नुसती अक्षरे ओळखून भागत नाही.

हे वाचून आम्हाला मोडी लिपी आठवली. शिवकाळातली आणि पेशवाईतली पत्रे, हिशेब, न्यायनिवाडे मोडीत आहेत. हात न उचलता भरभर लिहायची ही लिपी. तिच्यात ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडूनही लिहीत नसत. तिथेही मराठी पक्के येत असेल तरच वाचन जमते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी चालू होती, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबांना ती येत असणार. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत आणि ते सराईतपणे वाचणारे आज थोडेच आहेत. तोलाच्या दगडाच्या थोडा आधीचा, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा, अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत मोडतो. त्याच्या काळाबद्दल विद्वान वाद घालू शकतात, ते तो वाचता येतो म्हणूनच.

लिपी जायला लढाई लागत नाही. एका पिढीने वाचायचे सोडले आणि पुढच्या पिढीला शिकवले नाही, एवढे पुरते. मग आजीचे पत्र घरात असते, पण ते नुसता कागद असते. शनिवारी सकाळी मित्र फुटबॉल खेळत असताना आपण ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ का गिरवायचे, असे तुमच्यापैकी काही जण विचारतात. प्रश्न योग्य आहे. आमचे उत्तर हे की घरातली पत्रे, वह्या, पाककृती आणि भिंतीवरच्या जुन्या फोटोमागे लिहिलेली नावे वाचणारे यापुढे तुम्हीच आहात.

करून पाहा

१. तुमचे वय वर्षांत लिहा आणि अर्ध्या सेंटिमीटरने गुणा. तुमच्या जन्मापासून मेलारेनचा काठ एवढा वर आला आहे. फूटपट्टीवर मोजून दाखवा.

२. तुमचे नाव ‘सोळा अक्षरी’ नियमाने लिहा: ग चा क, द चा त, प चा ब, ओ चा उ, ए चा इ करा आणि दीर्घ स्वर ह्रस्व करा. दीपाचे होईल ‘तिबा’. शेजाऱ्याला द्या आणि मूळ नाव ओळखायला सांगा. एकाच नावाची किती वाचने होतात ते मोजा.

३. घरात मराठीत हाताने लिहिलेला सर्वांत जुना कागद कोणता, ते आईबाबांना विचारा. आजीआजोबांना फोन करून त्यावरची माणसे कोण होती ते विचारा आणि त्यातल्या चार ओळी स्वतः मोठ्याने वाचा. जमल्यास त्याची झेरॉक्स वर्गात आणा, पुढच्या अंकात छापू.